बाग, बाक आणि गुडघे

(ज्येष्ठांच्या आरोग्याविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या ताई पुण्यातल्या फिजिओथेरपिस्ट आहेत. दवाखाना बंद केल्यापासून त्या आपल्या भागातल्या महापालिकेच्या बागेत रोज सकाळी ज्येष्ठांचा व्यायामगट घेतात. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.)

प्रश्न : ताई, माझं वय ७१. बँकेतून निवृत्त झाल्यापासून कोथरूडच्या थोरात उद्यानात रोज पाऊण तास चालतो. थंडी असो, पाऊस असो, खाडा नाही. साखर ताब्यात, वजन ताब्यात. तरी गेल्या महिन्यात बसमधून उतरताना तोल गेला आणि रस्त्यावर पडलो. मनगट थोडक्यात वाचलं. मुलगी म्हणते, आता एकट्याने बाहेर पडायचं नाही. इतकं चालूनही पाय दगा देत असतील, तर चालण्याचा उपयोग काय? (पुणे)

उत्तर : काका, उपयोग भरपूर आहे. हृदय, साखर, झोप, पोट हे सगळं त्या पाऊण तासाने सांभाळलं. तोल मात्र वेगळ्या मेहनतीने सांभाळावा लागतो. सपाट फरशीवर, एकाच दिशेने, एकाच चालीने फेऱ्या मारताना शरीरावर तोल सावरायची वेळच येत नाही. माणूस पडतो तो वळताना, उतरताना, मागून हाक आली म्हणून मान फिरवताना, रात्री अंधारात उंबरा ओलांडताना. बसच्या पायरीवरून उतरताना क्षणभर सगळं वजन एका पायावर येतं, त्या पायाचा गुडघा वाकलेला असतो आणि हात दांडा सोडत असतो. त्या क्षणाचा सराव फेऱ्यांनी होत नाही.

हे माझ्या एकटीचं मत नाही. उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१९ साली १०८ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. आपापल्या घरी राहणारी साठीपुढची २३ हजारांहून जास्त माणसं त्या चाचण्यांत होती. व्यायाम करणाऱ्यांमध्ये पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी आढळलं. पण फायदा नीट दिसला तो उठणं-बसणं, पाऊल उचलणं, दिशा बदलणं, तोल धरणं असे व्यायाम करणाऱ्यांत. नुसत्या चालण्याने पडणं टळतं, असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा तिथे मिळाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमधली आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाच्या हालचालीची गोष्ट आता पुष्कळांना पाठ झाली आहे. त्याच सूचनांत ६५ वर्षांवरच्यांसाठी पुढे असंही सांगितलंय, की आठवड्यातले किमान ३ दिवस तोल आणि ताकद यांवर भर देणारे निरनिराळे व्यायाम करावेत. हा दुसरा भाग आपल्याकडे पोहोचलेलाच नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्याला पैसा लागत नाही. लागतो तो एक बाक, एक कठडा आणि एक पायरी.

तेव्हा पाऊण तासातली पंधरा मिनिटं याला द्या. बाकाच्या पुढच्या कडेवर बसा, हात छातीवर दुमडा आणि हात न टेकता उभे राहा. मग सावकाश बसा. धपकन बसायचं नाही, कारण खाली येतानाच मांडीचे स्नायू खरं काम करतात. पाच वेळा जमलं तर पाच, मग दम घेऊन पुन्हा पाच. सुरुवातीला हात टेकावा लागला तर खुशाल टेका. त्यानंतर कठडा धरून टाचा उचला, मग चवडे उचला. कठडा धरूनच खेकड्यासारखं आडवं चाला, आधी उजवीकडे, मग डावीकडे. फरशीच्या सांध्याची रेघ धरून एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावत दहा पावलं जा. कठडा हाताशी हवाच. शेवटी एकच पायरी चढा आणि उतरा, पाय आलटूनपालटून. बसची पायरी तुम्हाला इथेच परत जिंकायची आहे.

मुलीची काळजी आकड्यांनी कमी करा. हात टेकायला असलेल्या खुर्चीत बसा आणि समोर ३ मीटरवर खूण करा. मुलीने मोबाइलवर वेळ लावायची. उठा, नेहमीच्या चालीने खुणेपर्यंत जा, वळा, परत या, बसा. १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका वाढलेला धरतात. दुसरी चाचणी म्हणजे एका पावलामागे दुसरं पाऊल चिकटवून १० सेकंद न हलता उभं राहणं. हे करताना मुलीने अगदी शेजारी उभं राहावं. यात कमी पडलात, तर जवळच्या फिजिओथेरपिस्टकडे जाऊन तुमच्या बेताचे व्यायाम ठरवून घ्या.

डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. बीपीच्या किंवा झोपेच्या गोळ्यांनी उठल्यावर चक्कर येते का? त्यासाठी आडवं असताना आणि उभं राहिल्यावर असा दोन्ही वेळा रक्तदाब मोजायला सांगा. आणि चष्मा बायफोकल आहे का? त्याच्या खालच्या भिंगातून पायरी धूसर दिसते, उतरताना मान थोडी जास्त खाली घालावी लागते.

मुलीला माझा निरोप द्या, की बाबांना घरात बसवू नकोस. या वयात बसून राहिलं की मांड्या भराभर बारीक होतात आणि मग घरातल्या घरातही माणूस पडतो.

प्रश्न : आमच्या बागेत गोल गोट्यांची ‘ॲक्युप्रेशर’ वाट केली आहे. सासूबाई (वय ६९, मधुमेह बरीच वर्षं) तिच्यावर अनवाणी चालतात. म्हणतात, आता काही टोचत नाही, सवय झाली. चालू द्यावं का? (नाशिक)

उत्तर : नाही, लगेच थांबवा. ‘टोचत नाही’ हेच काळजीचं कारण आहे. मधुमेहात पायाच्या नसा मंदावतात. खडा रुतला, कातडी सोलली तरी कळत नाही आणि साध्या ओरखड्याची जखम होऊन ती चिघळते. त्यांना डॉक्टरांकडे नेऊन तळपायाची संवेदना तपासून घ्या. बारीक नायलॉनच्या तारेने ही तपासणी दोन मिनिटांत होते, दुखत नाही. दव पडलेल्या हिरवळीवर अनवाणी चालणंही त्यांच्यासाठी बंद. पुढून बंद, आतून मऊ बूट, सुती मोजे, आणि घालण्याआधी बुटात हात घालून बघायची सवय. रात्री तळपाय बघायचे, वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर फिरायला जाताना पदरात चार साखरेच्या पुड्या बांधून द्या. आणि चालणं मात्र चालूच ठेवा.

प्रश्न : ताई, हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. वय ६६. कचराळी तलावावर मैत्रिणींबरोबर फिरायला जायचे. आता शिंकलं, हसलं, भराभर चाललं की लघवीचे थेंब जातात, आणि एकदा जावंसं वाटलं की थांबवत नाही. म्हणून पाणी कमी केलं, मग फिरणंही बंद केलं. मैत्रिणींना सांगते की गुडघे दुखतात. (ठाणे)

उत्तर : ताई, हे तुम्ही लिहिलंत म्हणून मी तुमची आभारी आहे. ‘गुडघे दुखतात’ असं सांगून घरी बसणाऱ्या किती तरी बायकांचं खरं दुखणं हेच असतं. माझ्या दवाखान्यातही ते तिसऱ्या-चौथ्या भेटीत, दार लोटून घेतल्यावर बाहेर यायचं. यात लाजण्यासारखं काही नाही. बाळंतपणं, पाळी गेल्यानंतरचे बदल, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, वजन यांनी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात. पुष्कळ जणींना व्यायामाने चांगला फरक पडतो.

व्यायाम असा : आडवं पडा किंवा खुर्चीवर बसा. वारा आणि लघवी दोन्ही एकदमच रोखून धरताना आत जशी ओढ घेतो, तशी ओढ घ्या. पोट, मांड्या, नितंब आवळायचे नाहीत, श्वास रोखायचा नाही. पाच मोजेपर्यंत धरा, तितकाच वेळ सैल सोडा, असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. हा व्यायाम लघवीला बसलेलं असताना मुद्दाम धार तोडून करायचा नाही. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, मधे सोडू नका. शिंक येणार असं वाटलं की आधी ही ओढ घ्या आणि मग शिंका. अचानक घाई आली तर पळू नका. उभ्या जागी थांबा, पाच-सहा वेळा ओढ घ्या, लाट ओसरू द्या आणि मग चालायला लागा.

पाणी तोडू नका. लघवी गडद आणि घट्ट झाली की मूत्राशय आणखी चिडतं, वर जंतुसंसर्गाची भीती. चहा मात्र फिरून आल्यावर घ्या. लघवी करताना जळजळ होत असेल, रक्त दिसलं किंवा खाली काही उतरल्यासारखं वाटत असेल, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि आता माझं म्हणणं. बागेत बायकांसाठी उघडं, स्वच्छ, पाणी असलेलं स्वच्छतागृह नसेल, तर ती बाग साठीपुढच्या बाईसाठी अर्धीच आहे. कुलूप लावून किल्ली चौकीदाराच्या खिशात, हे चित्र मी कितीतरी बागांत पाहिलंय. बाईने किल्ली मागायची ती परक्या पुरुषाकडे, चार माणसांसमोर. ती मागत नाही, घरी निघून जाते. मैत्रिणींना खरं कारण सांगून बघा. निम्म्या जणी ‘माझंही तेच’ म्हणतील, अशी मला खात्री आहे, आणि मग किल्लीचा अर्ज पाच जणींच्या सह्यांनी देता येईल.

प्रश्न : बाबा ७८ वर्षांचे आहेत. पन्नास वर्षं संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर त्यांची मंडळी बसते. हल्ली दोन-तीन महिने जातच नाहीत. ‘तेच तेच बोलतात, कंटाळा आला’ म्हणतात. घरी टीव्ही मोठ्याने लावून बसतात. आईला भीती वाटते की विसरभोळेपणा सुरू झालाय. (दादर, मुंबई)

उत्तर : तुमच्या पत्रातलं माझ्या डोळ्यांत भरलं ते वाक्य म्हणजे टीव्ही मोठ्याने लावतात. आधी कान तपासा. मेणाचा खडा असेल तर काढून घ्या आणि ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या. कट्ट्यावर शेजारून गाड्या जातात, मैदानात मुलं ओरडत असतात, चार जण एकदम बोलतात. कमी ऐकू येणाऱ्याला यात शब्द वेगळे काढता येत नाहीत. विनोद झाला की सगळे हसतात आणि हा माणूस उशिरा हसतो. दोन-चार वेळा असं झालं की जाणं बंद होतं. ऐकू येत नाही हे कबूल करण्यापेक्षा ‘कंटाळा आला’ म्हणणं सोपं असतं.

आईंची भीती अगदी अनाठायी नाही, पण ती उलट बाजूने बघायला हवी. डिमेन्शियावर (स्मृतिभ्रंशावर) ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ च्या अहवालात बदलता येण्याजोगी १४ कारणं दिली आहेत. कमी ऐकू येणं, उपचार न केलेली अधू दृष्टी, हालचालीचा अभाव आणि एकटेपणा ही चारही त्या यादीत आहेत. सगळी १४ कारणं दूर करता आली तर डिमेन्शियाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू किंवा लांबू शकतील, असा त्यांचा अंदाज. तुमच्या बाबांच्या बाबतीत कान गेले, म्हणून कट्टा सुटला, कट्टा सुटला म्हणून चालणं सुटलं. तीन गोष्टी एकीतून एक निघाल्या. दुरुस्तीही त्याच क्रमाने करा.

श्रवणयंत्र घेतलं तर पहिले काही आठवडे ते नकोसं होतं. भांड्यांचा आवाज घणासारखा वाटतो. ते ड्रॉवरमध्ये जाऊ देऊ नका. आधी घरात, मग शांत रस्त्यावर आणि सगळ्यात शेवटी कट्ट्यावर. त्यांच्या मित्रांपैकी एकाला विश्वासात घ्या. बाबांच्या चांगल्या कानाच्या बाजूला त्याने बसावं, तोंड त्यांच्याकडे करून, न ओरडता, सावकाश बोलावं. कट्टा सुमारे सव्वा किलोमीटरचा आहे. मंडळी जमण्याआधी त्या एकाच मित्राबरोबर अर्धी फेरी मारता आली, तर उत्तम. दोघांत बोलणं सोपं जातं, पायांनाही काम मिळतं. कान सुधारल्यावरही नावं, वाटा, पैशांचे हिशेब चुकत असतील, तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे नक्की न्या.

प्रश्न : आमराईत सकाळी हास्यक्लब भरतो. मैत्रीण आग्रह करते. मला ते कारण नसताना खोटं खोटं हसणं विचित्र वाटतं. खरंच फायदा होतो का? मी पतीच्या निधनानंतर एकटी राहते. (सांगली, वय ७३)

उत्तर : वहिनी, हास्यक्लबांची सुरुवात १९९५ साली मुंबईत अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांना घेऊन केली. आधी विनोद सांगून हसायचे. विनोद संपले, तेव्हा विनोदाशिवाय हसायचं ठरलं. आज जगभर ते चालतात, पुण्यात तर बागेबागेत शाखा आहेत. हसण्याने श्वास खोल होतो, हात वर-खाली होतात, टाळ्या वाजतात, मन हलकं होतं. एवढं मी माझ्या गटात रोज बघते. हसून गुडघेदुखी किंवा बीपी बरा होतो असं कुणी सांगितलं, तर गोळ्या बंद करू नका. हर्निया, काचबिंदू, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, ताब्यात नसलेला रक्तदाब यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोराने हसायचं नाही. ठाण्याच्या ताईंसारखा लघवीचा त्रास असेल, तर पोट दाबून हसणंही नको.

तुम्हाला जायला सांगण्याचं माझं कारण मात्र हसण्यात नाही. अशा गटात एखादा माणूस दोन दिवस आला नाही, की तिसऱ्या दिवशी फोन जातो. आमच्या गटातल्या एक आजी न्हाणीघरात पडल्या होत्या. सकाळी त्या आल्या नाहीत आणि फोनही उचलला नाही, म्हणून दोघी जणी त्यांच्या घरी गेल्या, शेजाऱ्यांकडून किल्ली घेतली आणि त्यांना उठवलं. मुलगा दुसऱ्या शहरात, त्याला दुपारी कळलं. एकट्या राहणाऱ्या माणसाला रोज ठरलेल्या वेळी आपली वाट बघणारी माणसं हवीत. जपानमध्ये १९२८ पासून सकाळी रेडिओवर व्यायामाचं संगीत लागतं आणि साडेसहाला म्हातारी माणसं बागांमध्ये जमून त्यावर हात-पाय हलवतात. ते व्यायाम अगदी साधे आहेत. टिकले ते वेळ ठरलेली आणि माणसं ठरलेली म्हणून.

पहिले आठ दिवस हसू नका, नुसत्या टाळ्या वाजवा आणि श्वासाचे व्यायाम करा. कुणी काही म्हणत नाही. तुमच्या घराची एक किल्ली आणि मुलांचे नंबर त्या मैत्रिणीकडे देऊन ठेवा.

प्रश्न : हिवाळ्यात पहाटे पाचला फिरायला गेल्याने ड जीवनसत्त्व मिळतं ना? मला दम्याचा त्रास आहे. (पुणे, वय ६८)

उत्तर : पहाटे पाचला सूर्यच नसतो, मग ते मिळणार कुठून? कातडीत ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण सकाळच्या कोवळ्या उन्हात फार थोडे असतात, ऊन वर आल्यावर वाढतात. हिवाळ्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत साचते आणि शेकोट्यांचा, कचरा जाळल्याचा, गाड्यांचा धूर त्या थरात अडकून राहतो. दमा आणि हृदयविकार असलेल्यांनी ऊन पडल्यावर, आठ-साडेआठच्या पुढे निघावं, नाकातोंडावर मफलर घ्यावा, पहिली पाच मिनिटं अगदी सावकाश चालावं आणि दम्याचा पंप खिशात ठेवावा. चालताना बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागली तर वेग कमी करा. ड जीवनसत्त्व कमी असेल तर गोळी डॉक्टर ठरवतील.

प्रश्न : आई (वय ६८) कोल्हापूरला रोज रंकाळ्यावर जाते. आता सहा महिन्यांसाठी आमच्याकडे येतेय. आम्ही दोघं नोकरीला. ती घरात कोंडली जाऊ नये म्हणून काय करू? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : तुमच्या गावात रूझवेल्ट पार्क आहे, तळं आहे, तळ्याकाठी वाट आहे. रंकाळ्याची सवय असलेल्या बाईला ते आवडेल. पहिले दोन शनिवार-रविवार तुम्ही बरोबर जा. बाक कुठे, स्वच्छतागृह कुठे, पार्कात गाड्यांचा रस्ता कुठून जातो आणि तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात हे तिच्या पायाखालचं होऊ दे. पर्समध्ये घरचा पत्ता, तुमचे नंबर आणि औषधांची यादी इंग्रजीत लिहून ठेवा. एकदा वाट सरावाची झाली, की तिथे फिरणाऱ्या मराठी-गुजराती आज्या तिला आपोआप भेटतील. मैत्री जमायला तिथे फार वेळ लागत नाही.

गावाच्या सीनियर सेंटरमध्ये चौकशी करा. अमेरिकेत १९६५ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली अशा केंद्रांना आणि तिथल्या जेवणाच्या कार्यक्रमांना सरकारी पैसा मिळत आला आहे. खुर्चीवरचे व्यायाम, ताई-ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम), भरतकाम, पत्ते असे वर्ग चालतात. पाहुण्या आई-वडिलांना प्रवेश मिळतो का, हे गावागणिक बदलतं. फोन करण्यापेक्षा आईला घेऊन समक्ष जा. ताई-ची मिळाली तर सोडू नका, तोल सुधारण्यासाठी ती फार चांगली. हिवाळ्यात वितळलेलं बर्फ रात्री पुन्हा गोठतं आणि वाटेवर न दिसणारा निसरडा थर होतो. त्या दिवसांत बाहेर चालणं बंद, त्याऐवजी मेन्लो पार्क मॉलमध्ये आतल्या आत फेऱ्या. आणि प्रवास-विमा काढताना आधीच्या आजारांचं कलम नीट वाचा. मनगट मोडलं तर तिथलं बिल परवडणारं नसतं.

प्रश्न : आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाला लोकप्रतिनिधींनी विचारलंय, बागेत ओपन जिमची आणखी यंत्रं बसवून देऊ का? सभासदांत दोन तट पडलेत. तुमचं मत? (संघाचे सचिव, पुणे)

उत्तर : यंत्रं नकोत. हे मी पूर्ण विचार करून सांगते. त्या यंत्रांवर वजन कमी-जास्त करता येत नाही, कसं वापरायचं हे सांगायला कुणी नसतं. दोन्ही पाय हवेत झुलवणाऱ्या यंत्रावरून उतरताना ज्येष्ठ पडतात आणि कंबर फिरवायची तबकडी हाडं ठिसूळ झालेल्या बाईच्या मणक्याला धोक्याची. यंत्रं आहेत तेवढी नीट ठेवा, बेअरिंग वाजत असेल तर दुरुस्त करून घ्या.

त्या पैशांत बाक मागा. पाठ असलेले, दोन्ही बाजूंना हात असलेले, साधारण दीड फूट उंच. बाकाला हात नसले की गुडघेदुखीचा माणूस त्यावर बसतच नाही, कारण उठायचं कसं? बाक सगळे प्रवेशद्वाराजवळ नकोत, वाटेवर थोड्या-थोड्या अंतराने हवेत. ज्याला दमायला होतं तो बाग आपल्या पावलांनी मोजत नाही, पुढचा बाक कुठे आहे यावर मोजतो. पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा. चढाला उतार करताना ठेकेदाराला प्रमाण लिहून द्या, १ फूट उंचीसाठी १२ फूट लांबी. केंद्राच्या २०२१ च्या सुगम्यता मार्गदर्शक सूचनांत हेच प्रमाण आहे. त्याहून खडा उतार व्हीलचेअरला आणि काठीवाल्याला दोघांनाही निरुपयोगी. उखडलेल्या फरशा आणि मुळांनी उचललेले पेव्हिंग ब्लॉक आधी बसवून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये दिल्ली आणि उदयपूरसह ३३ शहरांतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून ज्येष्ठस्नेही शहराची पुस्तिका काढली. बसायला जागा, चालायला सुरक्षित वाट आणि स्वच्छतागृह, यांचा आग्रह तिच्यात आहे.

दुसरी मागणी वेळेची. आपल्या अनेक बागा दुपारी बंद असतात. तुमच्या संघातल्या बायकांना विचारा, त्यांना मोकळा वेळ कधी मिळतो. सकाळी डबे आणि नातवंडांची शाळा, संध्याकाळी नातवंडं आणि स्वयंपाक. बारा ते चार हाच वेळ त्यांचा, आणि नेमकं तेव्हाच बागेला कुलूप. हिवाळ्यात तरी एक फाटक दुपारी उघडं ठेवा, अशी लेखी मागणी करा. तुमच्याकडे विरंगुळा केंद्र असेल, तर तिथेही बघा : कॅरम, वर्तमानपत्रं, आणि सगळे पुरुष. आठवड्यातल्या तीन दुपारी तिथे खुर्चीवरच्या व्यायामाचा तास ठेवा. फिजिओथेरपीच्या एखाद्या महाविद्यालयाला पत्र लिहा. शिकणाऱ्या मुलामुलींना समाजात जाऊन काम करायचंच असतं, ती आनंदाने येतात.

पैशांसाठी एकाच माणसाच्या निधीवर राहू नका. पुणे महापालिकेत २००६-०७ पासून अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना घेतल्या जातात. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज मिळतो, तारखा महापालिका जाहीर करते. बाक, कठडा, पदपथ, दिवे ही कामं त्यात चपखल बसतात. एका अर्जात एकच काम लिहा. कुठल्या बागेत, कुठल्या फाटकापासून किती पावलांवर, ते लिहा. बाकाविना दगडावर टेकलेल्या सभासदाचा, उखडलेल्या फरशीचा फोटो जोडा. अर्ज जास्तीत जास्त बायकांच्या सहीने जाऊ द्या. आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका, आणि दर महिन्याला दोघांनी जाऊन त्या क्रमांकाचं काय झालं ते विचारा. बाक बसले की ठेकेदाराची माणसं निघून जायच्या आत प्रत्येक बाकावर एका सभासदाला बसवून, बाकाचे हात धरून उठवून बघा. डळमळला तर तिथल्या तिथे पक्का करून घ्या.